नाट्यपदातली फिरकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गणेशोत्सवासाठी अर्ध्या तासाचं संगीत प्रहसन लिहिलं आहे. पदांत भरपूर कोट्या आहेत. वाचनात सगळे हसले, पण पेटी-तबल्यावर पदं बसवल्यावर तालमीत कुणी हसेना. कुठे चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कागदावर नजर मागे जाते, दुसरा अर्थ शोधून परत येते. कानाला ती सोय नाही. म्हणून गायच्या पदात कोटी कळण्यासाठी लागणारं सगळं तिच्याआधी येऊन गेलेलं असावं आणि कोटीचा शब्द ओळीच्या अगदी शेवटी पडावा. ओळीच्या मध्ये ठेवलात, तर हसू फुटायच्या आत पुढचे शब्द त्यावर येऊन आदळतात.

नमुन्यादाखल साकी या मात्रावृत्ताच्या चालीतल्या या दोन ओळी पाहा :

मांडव सजला, वाजे सनई, पोरे ही भिंतिवरी
हसली, उठली, बोलुन गेली, नवरी याला न वरी

साकीच्या ओळीत १६ आणि १२ अशा २८ मात्रा असतात. केरवा हा ताल आठ मात्रांचा. चार आवर्तनं (तालाच्या फेऱ्या) म्हणजे ३२ मात्रा, त्यातून २८ गेल्या की ओळीच्या शेवटी चार मात्रा मोकळ्या राहतात. हशाची जागा तीच. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत त्या चार मात्रा म्हणजे दोन सेकंद. प्रेक्षागृह मोठं असेल तर अजून एक आवर्तन नुसता ठेका चालू द्या. पेटीवाल्यांना ही जागा सुरावटीने भरायचा मोह होतो. तो आवरायला सांगा, कारण पेटी वाजत राहिली की पद अजून संपलेलं नाही असं समजून लोक हसू दाबतात.

आता शब्दांकडे. पहिली ‘नवरी’ एका दमात, सरळ गायची. दुसऱ्या वेळी ‘याला’नंतर किंचित थांबून ‘न’ सुटा उच्चारायचा आणि मग ‘वरी’. हा थांबा चुकला तर लोकांना पुन्हा ‘नवरी’च ऐकू येते आणि ओळ निरर्थक होते. दुसरी अडचण शब्दाच्या वयाची आहे. वरणे हे क्रियापद आज बोलण्यात फारसं नाही. म्हणून पदाआधीच्या संवादात कुणाच्या तरी तोंडी ‘तिनं कुणाला वरायचं ते तीच ठरवील’ असं वाक्य घाला. कान तयार होतो. (‘भिंतीवरी’तली ‘ती’ मात्रेसाठी ऱ्हस्व केली आहे. पदात ही मोकळीक चालते, पण कोटीच्या शब्दाशी असली ओढाताण करू नका.)

आणि संख्या कमी करा. चार ओळींच्या पदाला एक कोटी पुरते. लागोपाठ दोन घातल्या की पहिलीच्या हशात दुसरी बुडते.

प्रश्न : दिन-दीन, सुत-सूत अशा जोड्यांवर कोटी केली तर शुद्धलेखनाच्या दृष्टीने ती चूक ठरेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : छापायची असेल तर खटकेल. गायनात मात्र अशा जोड्या फार कामाच्या आहेत. ऱ्हस्व इकारावर सूर दोन-तीन मात्रा टिकला की तो दीर्घच ऐकू येतो, त्यामुळे चालच दोन्ही अर्थ एका उच्चारात आणून देते. संहितेत कोणता शब्द लिहिलाय याने काही बिघडत नाही.

प्रश्न : जुनी नाट्यगीतं आवडीने ऐकते, पण लक्ष सगळं चालीत आणि तानांत जातं. शब्दांची गंमत कशी पकडायची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पद आधी चालीशिवाय, मोठ्याने वाचा. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधलं ‘घेई छंद मकरंद’ असं वाचून पाहा. छंद, मकरंद, मिलिंद, आनंद, स्वच्छंद, धुंद : एकच ‘न्द’ भुंग्यासारखा शब्दाशब्दावर बसत जातो, आणि मिलिंद म्हणजे भुंगाच. ही सांधेजोड केवळ शोभेची नाही. त्याच शब्दांवर नाटकात दोन वेगळ्या ढंगांचं गाणं उभं राहतं, आणि दोन्हींत तो नाद टिकतो. शब्दच इतके घट्ट विणलेले असल्यामुळे हे साधतं.

मग ‘मानापमान’ (१९११) घ्या. ‘युवती मना दारुण रण’ म्हणताना ‘दारुण’च्या शेपटीतूनच ‘रण’ निघतं आणि लगेच ‘रुचिर’ येऊन त्याच र-कारावर युद्धाला गोड करून टाकतं. खाडिलकरांनी पात्रांची नावंही अशीच योजली आहेत : एकीकडे धैर्यधर, दुसरीकडे लक्ष्मीधर. सगळा झगडा नावांतच आला. देवलांच्या ‘शारदा’त मुलीच्या बापाचं नाव कांचनभट आणि म्हाताऱ्या वराचं भुजंगनाथ.

‘शारदा’तलंच ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान’ हे पद शेवटी ऐका. इथे श्लेष नाही, यमकाची करामत नाही. ‘पाऊणशे’च्या आधी आलेला ‘अवघे’ हा एक शब्द सगळं काम करतो. आमच्या मते नाट्यपदांतलं सर्वांत धारदार शब्दलाघव हेच. गाणारीने ‘अवघे’वर तान घेतली की ते बोथट होतं. तान हवीच असेल तर ती ओळ पुन्हा घेताना घ्यावी, कारण तोवर शब्द पोचलेला असतो.

प्रश्न : इंग्रजी म्युझिकलमध्ये यमकांवर टाळ्या पडतात, मराठीत पडत नाहीत. आपले कवी कमी पडतात का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : नाही, फरक भाषेच्या घडणीत आहे. मराठीत विभक्ती आणि क्रियापदांचे प्रत्यय सारखे असल्याने करतो-धरतो, घराला-दाराला अशी यमकं आपोआप जुळतात. जे सहज मिळतं त्याचं नवल वाटत नाही. इंग्रजीत असे प्रत्यय फार थोडे, त्यामुळे जुळणी दुर्मीळ. ‘पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ (१८७९) या संगीतिकेतल्या मेजर-जनरलच्या पदात गीतकार गिल्बर्टने ‘हायपॉटेन्यूस’ला ‘लॉट ओ न्यूज’ जुळवलं. एक भारदस्त भूमितीचा शब्द आणि त्याला जोड तीन फुटकळ शब्दांची. टाळी त्या विजोड जोडीला मिळते.

मराठीत तसा धक्का हवा असेल तर प्रत्ययावर यमक जुळवू नका, शब्द फोडा. वरचं ‘नवरी’ आणि ‘न वरी’ हे त्याच जातीचं आहे. शास्त्रात त्याला सभंग श्लेष म्हणतात. आणि गिल्बर्टसारखा भरधाव शब्दांचा मारा करायचा असेल तर जुने कवी अमृतराय यांचे कटाव, म्हणजे अनुप्रासांनी भरलेल्या भरभर म्हणायच्या रचना, काढून मोठ्याने म्हणा. श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा पहिल्याच वाचनात पेन्सिलीने करून ठेवा.