अंग अजिबात वळत नाही. योगासनं सुरू करायची तर कुठून?

प्रश्न: वय ३८, दिवसभर बैठं काम. उभं राहून वाकलं तर बोटं जेमतेम नडगीच्या मध्यापर्यंत पोचतात. मांडी घालून बसलं की गुडघे वर राहतात आणि पाठीला पोक येतो. आधी महिना-दोन महिने स्ट्रेचिंग करून अंग मोकळं करावं आणि मग योगासनं सुरू करावीत का? घरच्या घरी जमेल का?

उत्तर:

आजपासूनच सुरू करा. फक्त आसनाच्या फोटोत दिसणारी अंतिम स्थिती डोक्यातून काढून टाका.

तुम्ही दोन तक्रारी सांगितल्या आहेत, पण दोन्हींचं मूळ खुब्यात आहे. मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघा ओलांडून त्याच्या जरा खाली चिकटतात. गुडघा सरळ केला की त्यांचं खालचं टोक ताणलं जातं. ते आखूड असतील तर वरचं टोक कमरेच्या हाडांचं कडं मागून धरून ठेवतं आणि ते पुढे कलू देत नाही. तुम्हाला तर वाकायचंच असतं, मग वाकतं काय? कमरेचे मणके. वाकताना पोक येतो तो असा. हॅमस्ट्रिंगला त्यातून फारसा ताण मिळत नाही. मणक्यांमधल्या चकत्या आणि पाठीमागचे अस्थिबंध मात्र विनाकारण ओढले जातात. लोक याला ‘मागच्या शिरा आखडल्या’ म्हणतात. शिरांचा इथे संबंध नाही, पण नेमकं कुठे ओढतंय हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं.

म्हणून पहिला नियम: पुढे वाकायच्या प्रत्येक आसनात गुडघे वाकवा. लाजत लाजत थोडेसे नकोत, पोट मांडीला टेकेल इतके वाकवा. गुडघा वाकला की हॅमस्ट्रिंग सैल पडतो, कडं पुढे कलतं आणि पाठ लांब राहते. मग पाठीची लांबी न मोडता गुडघे हळूहळू सरळ करत जा. पाठ गोल व्हायला लागली की तिथेच थांबा. तुमचं आजचं उत्तानासन (उभं राहून पुढे वाकणं) किंवा पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकणं) तिथपर्यंतच.

दुसरा नियम: जमीन वर आणा. खाली बसून करायच्या आसनांत बैठकीखाली घट्ट घडीची दोन ब्लँकेटं घ्या, साधारण १० सेंमी उंच होतील अशी. मऊ उशी चालत नाही, ती दबते आणि उंची नाहीशी होते. पुरेशी उंची झाली का हे ओळखायला मांडी घालून बसा आणि बोटं कमरेच्या मागे फिरवा. मणक्यांचे उंचवटे टोकदार लागत असतील तर उंची कमी आहे, अजून एक घडी वाढवा. गुडघे खुब्याच्या पातळीला किंवा त्याखाली आले की पाठ आपोआप सरळ होते. ‘ताठ बसा’ असं स्वतःला बजावत राहावं लागत नाही. गुडघे तरीही अधांतरी असतील तर त्यांच्याखालीही घडी द्या. आधाराशिवाय लोंबकळणारा गुडघा मांडीच्या आतल्या स्नायूंना सैल पडूच देत नाही.

ब्लँकेट, खुर्ची, पट्टा घेणं म्हणजे कच्चेपणा असं काहींना वाटतं. या साधनांचा पद्धतशीर वापर रुजवला तो बी. के. एस. अय्यंगारांनी, आणि त्यांच्या परंपरेत मुरलेले साधकही ती वापरतात. तेव्हा तो संकोच सोडाच.

आता ताणाबद्दल. सुरुवातीच्या आठवड्यांत जी प्रगती दिसते ती बहुतांशी स्नायू लांब झाल्यामुळे नसते, मज्जासंस्थेचा विरोध ओसरल्यामुळे असते. ताण ओळखीचा झाला, त्यात धोका नाही हे पटलं की ती स्नायूला थोडं पुढे जाऊ देते. याउलट झटका दिला, हिसके देत वाकलं, की स्नायूतली संवेदक यंत्रणा तो लगेच आकसून घेते. शाळेत ‘एक-दोन, एक-दोन’ करत पायाचे अंगठे धरायला लावायचे, ती पद्धत ताठ अंगासाठी अगदीच उलटी. हळूहळू जा, ताण दहापैकी चार-पाच वाटेल तिथे थांबा, ३० सेकंद राहा, बाहेर या, आणि असं दोन-तीन वेळा करा. थांबलेलं असताना श्वास नाकाने, आणि उच्छ्वास जरा लांब. श्वास अडखळला किंवा दात आवळले गेले तर तुम्ही पुढे गेला आहात, दोन बोटं मागे या.

तुमच्यासाठी मी एकच आसन निवडायचं म्हटलं तर पट्टा घेऊन सुप्त पादांगुष्ठासन निवडेन. कारण सरळ आहे: पाठ जमिनीवर टेकलेली असल्यामुळे ती चोरून वाकू शकत नाही. उताणे झोपा, डावा गुडघा वाकवून तळवा जमिनीवर ठेवा. उजव्या तळव्याला पट्टा, ओढणी किंवा लांब टॉवेल अडकवा. तो बोटांना नको, चवड्याच्या मागे, तळव्याच्या मध्याजवळ हवा. दोन्ही हातांनी टोकं धरा, कोपरं सैल, खांदे जमिनीवर. आता टाच छताकडे ढकलत पाय वर न्या. गुडघा थोडा वाकलेला राहिला तरी चालेल. पाय ५० अंशांवर अडला तर ५० अंशच. कंबर जमिनीवरून गोल होऊन उचलली जात असेल तर पाय थोडा खाली आणा. ३० सेकंदांनंतर एक युक्ती करा: हलक्या जोराने, सगळ्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाने, पाय पट्ट्याविरुद्ध खाली दाबा. पाच-सहा सेकंद दाबून सोडा आणि लगेच पाय जरा जवळ घ्या. बहुतेकांना थोडी जास्त जागा तिथल्या तिथे मिळते. हे दोन वेळा, मग पाय बदला.

इथे होणारी एक चूक ओळखायला हवी. ताण मांडीच्या मागे, मधोमध, बोथट असा जाणवला पाहिजे. गुडघ्यामागे तारेसारखं ओढलं, पोटरीत किंवा तळव्यात मुंग्या आल्या, तर ती नस ताणली जाते आहे. नस स्नायूसारखी धरून ताणायची नसते. गुडघा वाकवा, पाऊल सैल सोडा, मुंग्या जातील तिथपर्यंत पाय खाली आणा.

बाकीचा क्रम पटकन सांगतो. एकूण २०-२५ मिनिटं लागतात.

सुरुवात मार्जारासनाने, हात-गुडघ्यांवर, श्वासाच्या लयीत ८-१० वेळा पाठ वर-खाली. मग वर सांगितलेलं सुप्त पादांगुष्ठासन. त्यानंतर अधोमुख श्वानासन, पण जमिनीवर नको. भिंतीला खुब्याच्या उंचीवर तळवे टेकवा आणि पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत मागे चालत जा. गुडघे वाकलेले असू द्या, बैठक मागे ढकला, काखा लांब होऊ द्या. पाच-सहा श्वास पुरे. ताठ खांद्यांना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा जमिनीवर धडपडत केलेल्या श्वानासनाचा होत नाही. मग त्रिकोणासन, म्हणजे पाय फाकवून उभं राहून बाजूला वाकणं: खालचा हात भिंतीशी टेकवलेल्या खुर्चीच्या बैठकीवर. हात खाली नेण्यासाठी छाती जमिनीकडे वळत असेल तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवा. मग पालथं झोपून कोपरांवरचं भुजंगासन: कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, छाती पुढे, पोटऱ्या आणि पावलं सैल. दिवसभर पुढे झुकून बसणाऱ्याची पाठ वरच्या भागात आखडलेली असते, वाक तिथे यायला हवा. कमरेत चिमटा बसला तर कोपरं थोडी पुढे सरकवा. शेवटी सेतुबंधासन: उताणे झोपून, गुडघे वाकवून, तळवे जमिनीवर ठेवून बैठक पाच-सहा वेळा वर-खाली.

सेतुबंध गाळू नका. खुर्चीत बसून नितंबाचे स्नायू आळशी होतात आणि नुसत्या ताणाने मिळालेली लवचिकता ताकदीशिवाय टिकत नाही. शरीर जिथपर्यंत स्वतःला सांभाळू शकतं, तिथपर्यंतच ते जाऊ देतं.

वज्रासनात घोटे दुखतात, ही नेहमीची तक्रार. घोट्यांच्या पुढच्या वळणाखाली टॉवेलची गुंडाळी आणि नितंब व टाचा यांच्यामध्ये जाड घडी घ्या. सुरुवातीला एक मिनिट बास. गुडघ्याच्या आत दुखलं तर लगेच उठा.

पद्मासनाचा हट्ट मात्र धरू नका. गुडघा हा मुख्यतः बिजागरीचा सांधा आहे, वाकलेला असताना तो थोडासाच गोल फिरतो. पद्मासनात फिरायचं असतं ते खुब्यात. खुबा फिरला नाही आणि हाताने पाऊल ओढून मांडीवर ठेवलं, तर तो पीळ गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीवर जातो. ती फाटली तर दुरुस्ती सोपी नाही. त्याच कारणाने बद्धकोनासनात (तळपाय एकमेकांना जुळवून बसतात ते) गुडघे हातांनी दाबू नका, आणि दुसऱ्या कुणाला तर मुळीच दाबू देऊ नका. शिक्षक असला तरी.

सूर्यनमस्काराची घाई अनेकांना असते. बारा स्थितींत पुढे वाकणं दोनदा येतं आणि वेगात गुडघे वाकवायचं भान राहत नाही, म्हणून मी तो तीन-चार आठवड्यांनंतर सुरू करायला सांगेन. तेव्हाही दोन ते चार, सावकाश, हातांखाली ठोकळे किंवा जाड पुस्तकं ठेवून. मनगटं दुखत असतील तर तळव्याच्या मनगटाकडच्या बाजूखाली मॅटची घडी घाला आणि भार तर्जनी-अंगठ्याच्या मुळाशी द्या. मॅट ४ ते ६ मिमी जाडीची बरी. त्याहून जाड आणि मऊ असेल तर उभ्या आसनांत पाय डगमगतो आणि मनगट जास्त मुडपतं.

वेळ संध्याकाळची सोयीची, तेव्हा अंग गरम आणि सैल असतं. सकाळीच जमत असेल तर उठल्यापासून तासभर तरी खोल पुढे वाकणं टाळा. रात्री मणक्यांच्या चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि तेव्हा वाकण्याचा भार त्यांच्यावर जास्त येतो. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. आठवड्यातून एकदा दीड तास घाम गाळण्यापेक्षा चार-पाच दिवस २० मिनिटं केव्हाही चांगली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर काळजी नको, ते दोन-तीन दिवसांत निवतं. बैठकीच्या हाडापाशी नेमक्या एका ठिकाणी दुखत असेल आणि बसल्यावर वाढत असेल तर मात्र ते वेगळं आहे. तिथे हॅमस्ट्रिंगचा कंडरा चिडलेला असतो, आणि ‘अजून ताणलं की मोकळं होईल’ म्हणत तो आणखी ताणला की महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. पुढे वाकणं थांबवा, सेतुबंध चालू ठेवा, चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पायात उतरणारी कळ, हाडांचा ठिसूळपणा, काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर वरचा क्रम जसाच्या तसा घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. काचबिंदू आणि रक्तदाबात डोकं खाली जाणारी आसनं, ठिसूळ हाडांत पाठ गोल करून वाकणं आणि जोराचे पीळ वर्ज्य समजा.

मोजायचंच असेल तर दोन आठवड्यांतून एकदा, त्याच वेळी, तेवढंच अंग गरम करून, सुप्त पादांगुष्ठासनात पाय किती वर जातो ते बाजूने फोटो काढून बघा. उभं राहून बोटं जमिनीपासून किती दूर आहेत हे माप फसवं आहे, कारण पाठ गोल करूनही ते कमी करता येतं. पुढे कधीतरी ताण न जाणवता खुब्याच्या पुढच्या बाजूला गच्च अडल्यासारखं किंवा चिमटा बसल्यासारखं वाटेल. तो स्नायूचा अडसर नाही. बऱ्याचदा तिथे हाडांच्या घडणीची हद्द आलेली असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. तिथे जोर लावू नका. पावलं थोडी फाकवा, चवडे किंचित बाहेर वळवा आणि मिळेल तेवढ्या जागेत तेच आसन करा.