कॅन्सरच्या कागदांसाठी फ्रेंच अनुवादक शोधताना

प्रिय मित्रा,

‘इंग्रजी-फ्रेंच अनुवादक हवा, कॅन्सरचा अनुभव असावा’ एवढंच लिहिलंस तर अर्जांचा ढीग येईल आणि त्यातला कामाचा कोण, ते कळणार नाही. आधी कागद कोणता ते ठरव. प्रोटोकॉल (औषधाच्या चाचणीचा आराखडा), पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि रुग्णाचं संमतीपत्र एकाच माणसाला जमेलच असं नाही. संमतीपत्र सर्वांत अवघड, कारण ते घाबरलेल्या माणसाला वाचायचं असतं. आणि लोक नेमकं तेच स्वस्तात उरकतात. ईओआरटीसी या युरोपीय कॅन्सर-संशोधन संस्थेची क्यूएलक्यू-सी३० ही रुग्णाच्या जीवनमानाची प्रश्नावली असेल तर नव्याने अनुवाद करूच नकोस. तिची अधिकृत फ्रेंच आवृत्ती आहे, ती परवानगी काढून घे.

मग देश. फ्रान्ससाठी एसएफटी या अनुवादक संघटनेची सूची बघ, कॅनडातल्या क्वेबेकसाठी ओटियाक या तिथल्या अनुवादक संघटनेची. फ्रान्समध्ये कोर्टाच्या यादीवरचे शपथबद्ध अनुवादक असतात. त्यांचा शिक्का सरकारी कामाला लागतो, पण त्यावरून ऑन्कोलॉजी (कॅन्सरचं वैद्यकशास्त्र) येते असं ठरत नाही. मातृभाषा फ्रेंच असलेलाच घे. पुण्या-मुंबईत फ्रेंच उत्तम शिकलेले पुष्कळ आहेत, त्यांना उलट दिशेचं, फ्रेंचमधून इंग्रजीत आणायचं काम दे.

चाचणीला दोनेकशे शब्दांचा उतारा दे, पैसे देऊन. (फुकट चाचणीला चांगली माणसं उभी राहत नाहीत.) उताऱ्यात ग्रेड ३ न्यूट्रोपेनिया (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटणं), ग्रेड ३ ट्यूमर आणि स्टेज ३ हे तिन्ही असू देत: पहिली दुष्परिणामाची तीव्रता, दुसरी पेशींची विकृती, तिसरा आजाराचा फैलाव. इथे गोंधळला तर पुढे जाऊ नकोस. आकडेही घाल. कॅपेसिटाबिन या कॅन्सरच्या औषधाचा डोस इंग्रजीत १,२५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाचा) असा लिहितात. फ्रेंचमध्ये स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. तो तसाच राहिला तर वाचणाऱ्याला सव्वा मिलिग्रॅम दिसेल, म्हणजे हजारपट कमी. फ्रेंचमध्ये तिथे मोकळी जागा सोडतात.

अनुवादासोबत शंकांची यादी माग. मोठ्या प्रोटोकॉलवर एकही शंका न काढणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. लघुरूपं तरी त्याने विचारायलाच हवीत.

आयएसओ १७१०० या अनुवादसेवेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अनुवाद दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून पाहावा लागतो. पुष्कळ एजन्सी प्रमाणपत्र दाखवतात आणि स्वस्त दरात हा टप्पा गाळतात. म्हणून तपासणारा कोण, त्याला ऑन्कोलॉजी येते का आणि त्याचं मानधन दरात धरलंय का, हे लेखी घे.

कळावे.