रॅकमधली वाट किती ठेवायची?

प्रश्न : नव्या गोदामात पॅलेट (माल रचायचे पाट) ठेवायचे रॅक बसवायचे आहेत. रॅकवाल्याने नकाशात दोन रांगांमध्ये ३ मीटर वाट दाखवली आहे. आमच्याकडे काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट आहे, म्हणजे तोल राखायला मागे वजन (काउंटरवेट) असलेली. वाट आणखी थोडी कमी केली तर एक रांग जास्त बसते. करावी का?

उत्तर : अजिबात नको. ३ मीटरही तुमच्या गाडीला पुरणार नाहीत. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टला काटकोनात वळून रॅकमध्ये पॅलेट ठेवायला साधारण साडेतीन ते चार मीटर लागतात. २.७ ते ३ मीटरमध्ये रीच ट्रक, म्हणजे फोर्क पुढे-मागे सरकणारी अरुंद वाटेची गाडी, चालतो. म्हणून आधी गाडी ठरवा, मग रॅक. गाडीच्या माहितीपत्रकात वळायला लागणारी वाट पॅलेटच्या मापासकट छापलेली असते. त्यात २०० मिमी मोकळीक धरली आहे की नाही, तेवढं विचारून घ्या.

आता नकाशातले ते ३ मीटर कुठून कुठे मोजलेत ते बघा. इथे मी स्वतः फसलो आहे. सुरुवातीच्या एका कामात मी वाट रॅकच्या खांबापासून खांबापर्यंत धरली. १००० मिमी खोलीचं पॅलेट रॅकच्या ९०० मिमी खोलीच्या फ्रेमवर बसतं, म्हणजे वाटेच्या बाजूला ५० मिमी पुढे येतं. त्यावरची खोकी आणखी ३० मिमी बाहेर आलेली. दोन्ही बाजूंचं मिळून कागदावरचे ३००० मिमी प्रत्यक्षात २८४० उरले. महिन्याभरात खांबांच्या तळाशी, घोट्याच्या उंचीवर, रंग खरवडलेला दिसू लागला. वळताना गाडीचं मागचं टोक तिथे घासत होतं. एक खांब तर आत चेपला होता, आणि त्याच्यावर टनावारी माल, खालून माणसांची ये-जा. तो रॅक रिकामा होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. तेव्हापासून मी वाट मालापासून मालापर्यंतच मोजतो.

रॅकची ऑर्डर देण्याआधी रिकाम्या फरशीवर खडूने दोन रेघा मारा. तुमच्याकडचं सर्वांत बेढब भरलेलं पॅलेट घ्या आणि रोजच्या चालकाला वळायला सांगा. तुम्ही फोर्ककडे नाही, मागच्या चाकांकडे आणि काउंटरवेटकडे बघत राहा. एका वळणात जमलं नाही, दोन-तीनदा मागेपुढे करावं लागलं, तर वाट कमी आहे.

जास्तीची रांग हवीच असेल तर रीच ट्रकचा हिशेब मांडा. त्याची चाकं लहान आणि टणक असतात, तेव्हा फरशीचे सांधे आणि उंचसखलपणा आधी तपासून घ्या. बाहेरच्या आवारात मात्र तुमची आहे तीच फोर्कलिफ्ट लागेल, ती विकू नका.