बैठकीत गप्पाच फार होतात, म्हणालीस म्हणून

प्रिय मैत्रिणी,

वयाने तू माझ्या मुलीसारखी. पण सेवाक्लबात वयाचा मान दाराबाहेर ठेवायचा असतो, म्हणून ‘मैत्रिणी’च म्हणतो.

तुझं पत्र वाचलं. तक्रार थोडक्यात अशी, की तू सेवा करायला आलीस आणि बैठकीचा निम्मा वेळ वाढदिवसाच्या टाळ्या, सार्जंटने, म्हणजे बैठकीची शिस्त सांभाळणाऱ्या सभासदाने, ठोकलेले गमतीचे दंड आणि एकमेकांची थट्टा यांत जातो. त्यात आता सहसचिव होशील का अशी विचारणा झाली आहे. पद घ्यावं की क्लबच सोडावा, असं विचारतेस. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी गप्पांचं. गप्पा हे सेवेत शिरलेलं खूळ आहे असं तुला वाटतंय. इतिहास उलटा आहे. शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील होता. मोठ्या शहरात धंदा चालला होता, पण जिवाभावाचं माणूस नव्हतं. २३ फेब्रुवारी १९०५ ला तो आणि त्याच्या ओळखीचे तिघं एका कार्यालयात जमले आणि रोटरी हा सेवाक्लब सुरू झाला. त्या संध्याकाळी सेवेचा विषयही नव्हता. आळीपाळीने एकेकाच्या कार्यालयात भेटायचं, प्रत्येक व्यवसायातला एकच माणूस घ्यायचा, जमलं तर एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं, इतकंच. सार्वजनिक काम त्यांना सुचलं दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, आणि तेही काय, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह हवं! दारूचे गुत्ते आणि मोठी दुकानं विरोधात गेली, कारण निकड लागलेला माणूस त्यांच्याकडे वळायचा आणि जाता जाता काहीतरी विकत घ्यायचा. क्लबाने इतर संस्थांना सोबत घेतलं, महापालिकेच्या मागे लागून राहिला, आणि दोनेक वर्षांनी ते उभं राहिलं. माझं मत विचारशील तर, कुणाच्याही सत्कारात न बसणाऱ्या असल्या कामासाठी इतका काळ नेट धरणं त्यांना जमलं, ते आधीची दोन वर्षं त्यांनी एकमेकांना ओळखण्यात घालवली म्हणून.

आता आपल्याकडचं बघ. मागच्या रक्तदान शिबिरात नोंदणीचं टेबल कुठे होतं, तुझ्या लक्षात आलं का? आधी ते अगदी दारात होतं. येणाऱ्याला तिथे फॉर्म भरायचा, आणि त्यात नको नको ते प्रश्न: अलीकडे कुठलं औषध घेतलं का, कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलं आहे का, आणि याहून खासगीही. पाठीमागे मित्रांचा घोळका उभा असताना विशीतला मुलगा या प्रश्नांना खरं उत्तर देईल का? तो सगळ्यांपुढे ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून मोकळा होतो. पहिल्या अर्ध्या तासातच आपल्या एका सभासदाने काही न बोलता टेबल उचललं आणि आतल्या कोपऱ्यात, पडद्याआड नेऊन ठेवलं. रांग दारातच थांबवली आणि एका वेळी एकालाच आत सोडलं. त्यानंतर दोघं-तिघं फॉर्म भरता भरता स्वतःहून म्हणाले, मी आज देऊ नये बहुतेक. रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासतेच, पण नुकताच झालेला संसर्ग तपासणीतून निसटू शकतो. तिथे दात्याचं खरं उत्तरच उपयोगी पडतं.

तो सभासद बैठकीत सगळ्यात जास्त थट्टा करणारा. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख आहे, नाव घेतलं नाहीस तरी मी ओळखलं. त्याने आयुष्यभर दवाखान्याच्या खिडकीवर नोंदणीचं काम केलं. लोक खिडकीशी खोटं का बोलतात हे त्याला माहीत आहे. हे आम्हाला कसं कळलं? गप्पांतून. कुणाकडे जनरेटर आहे, कुणाचा आवाज मोठा असला तरी भेदरलेल्या माणसाजवळ मऊ होतो, कुणाला हिशेब दिला तर रात्रभर झोप येत नाही, कुणाला कधीच गाडी चालवायला सांगू नये, हे कुठल्याही सभासद-यादीत छापलेलं नसतं. बैठकीत थट्टेवारी जे कळतं त्यावरच शिबिराच्या सकाळी कामं वाटली जातात. तुला ते वेळ घालवणं वाटलं, कारण ती माहिती अजून तुझ्या कामी आलेली नाही.

दंडाचंही तसंच. सार्जंट मोटार घेतली म्हणून दंड करतो, वर्तमानपत्रात फोटो आला म्हणून करतो, आणि पैसे निधीत जातात. पण चांगला सार्जंट कोपऱ्यात गप्प बसलेल्याला मुद्दाम दंड करतो, म्हणजे त्याला उठून दोन वाक्यं बोलावीच लागतात. पुढच्या वेळी कुणाला उभं करतात याकडे लक्ष ठेव.

एवढं सगळं गप्पांच्या बाजूने बोललो, पण तुझी तक्रार पोकळ नाही. क्लबाचं मित्रमंडळ व्हायला वेळ लागत नाही. सत्कार कार्यक्रमापेक्षा लांबला, तेच चौघं एकमेकांना हार घालू लागले, फलक कामापेक्षा मोठा झाला, की समजावं गाडी घसरली. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात व्हिजिटिंग कार्डं वाटली तर मला तो आवडत नाही, हे उघड सांगतो. ओळखीतून धंदा मिळतो, त्यात गैर काही नाही, पण तो ओळख मुरल्यावर आपसूक येतो. राजकारण आणि धर्म टेबलावर आणायचे नाहीत, हे तर तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असेल.

पैशाबद्दल मात्र कडक राहा. लायन्स या दुसऱ्या सेवासंघटनेच्या क्लबांत दोन वेगळी खाती ठेवण्याची पद्धत आहे, ती मला फार पटते. सभासदांच्या वर्गणीचं एक खातं, त्यातून सभागृहाचं भाडं, टपाल, बैठकीचा खर्च. लोकांकडून कुठल्याही कारणाने गोळा केलेल्या पैशाचं दुसरं खातं, आणि त्यातला पैसा लोकांच्याच कामाला लागला पाहिजे. सहलीचा तुटवडा सेवेच्या खात्यातून ‘तात्पुरता’ भागवू या, असं कुणी गोड बोलून म्हणालं, तर तिथे तू वाईटपणा घे. सगळ्यांशी दोस्ती असलेल्याला हा वाईटपणा परवडतो, हाही गप्पांचाच एक फायदा.

काम कुठलं निवडायचं, यावर तू लिहिलंस की क्लबाने काहीतरी भव्य करावं. थांब जरा. १९३० साली अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या लायन्स क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बॉनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडताना अडखळताना पाहिलं. त्याच्या हातातली काठी काळी होती आणि गाड्या हाकणाऱ्यांना ती दिसतच नव्हती. काठी पांढरी रंगवायची, वर एक लाल पट्टा ओढायचा, आणि ती धरलेल्या माणसाला रस्त्यात आधी जाऊ द्यायचं, असा नियम गावात करून घ्यायचा, एवढंच क्लबाने ठरवलं. पांढरी काठी आज कुठेही दिसली की ओळखू येते, त्यात या छोट्या क्लबाचा मोठा वाटा आहे. मुळात लायन्स दृष्टिहीनांच्या कामाकडे वळले ते १९२५ मध्ये, हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात उभं राहून तशी विनंती केली तेव्हा. म्हणजे गरज असलेल्यांच्या बाजूने बोलणाऱ्या बाईने मागितलं आणि यांनी ऐकलं. आपल्याकडे बरेचदा उलटं चालतं. काय द्यायचं ते आधी ठरतं आणि मग घेणाऱ्याचा शोध सुरू होतो.

शिबिराचंच घे. ठरावीक तारखांना गावातली प्रत्येक संस्था शिबिर घेते. लाल पेशी साठवणीच्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर साधारण पाचच दिवस. एकाच आठवड्यात पिशव्यांचा ढीग आणि दोन महिन्यांनी ठणठणाट, असं होतं ते त्यामुळे. रक्तपेढीला आधी विचारायचं की तुमच्याकडे कधी ओढाताण असते. परीक्षांचे दिवस, लांब सुट्ट्या, ज्या काळात दाते फिरकत नाहीत, तेव्हाची तारीख ते सांगतील. त्या तारखेला गर्दी जमवणं अवघड जाईल, आकडाही छोटा येईल. येऊ दे.

आता पदाचं. घे. पण ते पद कशाचं आहे हे समजून घे. क्लबाचा अध्यक्ष एका वर्षाचा असतो. रोटरीत १ जुलैला जगभरचे अध्यक्ष एकदम बदलतात. पद्धत चांगली आहे, कुणी खुर्चीला चिकटत नाही. पण दर नव्या अध्यक्षाला स्वतःच्या नावाचा प्रकल्प हवा असतो आणि आदल्या वर्षीचा प्रकल्प पोरका होतो. गेल्या वर्षी लावलेल्या झाडांना यंदा पाणी कोण घालतं? मोतीबिंदूच्या शिबिरात ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांनी पुढचे काही आठवडे थेंब घातले का, फेरतपासणीला गेले का, चष्मा हातात पडला का, हे कोण विचारतं? शस्त्रक्रियेच्या दिवशी फोटोत पंधरा सभासद असतात. फेरतपासणीला आजीला घेऊन जाणारा एकटा असतो, आणि तोही कुणाच्या आठवणीत राहिला म्हणून आलेला. ही आठवण ठेवणं सहसचिवाचं काम आहे. एक वही कर. प्रत्येक प्रकल्पाखाली ‘यानंतर काय राहिलं’ असा रकाना, त्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. नव्या अध्यक्षाला पहिल्याच बैठकीआधी ती वही दाखव, त्याचे बेत जाहीर व्हायच्या आत.

अध्यक्ष बदलत राहिले तरी काम पुढे जाऊ शकतं, याचा सगळ्यात मोठा दाखला पोलिओचा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस हे पोलिओ हटवण्याचं काम हाती घेतलं. १९८८ मध्ये सव्वाशेहून जास्त देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साधारण साडेतीन लाख रुग्ण होत होते. वन्य पोलिओचं प्रमाण तेव्हापासून ९९ टक्क्यांहून जास्त घटलं, पण काम अजून संपलेलं नाही. यात सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ असे मोठे भागीदार होते हे खरं. क्लबांच्या वाट्याला निधी उभारणं तर आलंच, पण लसीचे डबे पोचवणं, घरोघरी फिरणं आणि डोस दिलेल्या मुलाच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करणंही आलं. शाईची खूण करताना कुणी भाषण करत नाही. पण ती नसली तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला राहिलेलं मूल शोधता येत नाही.

सहसचिव म्हणून अहवालही तुझ्याच हाती येईल. तिथे ‘लाभार्थी’ नावाचा एक रकाना असतो आणि तो फुगतो. शाळेत एक व्याख्यान झालं की पटावरची सगळी मुलं लाभार्थी! रोटरीत चार प्रश्नांची एक कसोटी आहे. हर्बर्ट टेलर या व्यावसायिकाने बुडत्या कंपनीची सूत्रं हाती घेतल्यावर १९३२ मध्ये ती स्वतःच्या कंपनीसाठी लिहिली आणि रोटरीने १९४३ मध्ये स्वीकारली. हे खरं आहे का, हा तिचा पहिलाच प्रश्न. भिंतीवर ती टांगलेली असते. रकाना भरताना मान वर करून बघत जा, एवढंच सांगतो. हजर असलेले अडतीस असतील तर अडतीसच लिही. जिल्ह्याच्या पारितोषिकात आपण मागे पडलो तर लोक तुझ्यावर चिडतील, आणि चिडले तरी पुढच्या बैठकीत तुझ्याच शेजारी बसतील.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मला दिसली. दर कार्यक्रमात पाहुण्यांच्या स्वागताला तुलाच पुढे करतात. एकदोनदा ठीक आहे. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या रोटरी क्लबाने स्त्रियांना सभासद केलं म्हणून १९७८ मध्ये रोटरीने त्याची सनद काढून घेतली होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. लायन्सनेही १९८७ मध्येच दार उघडलं. इतकं झाल्यावर तू गुच्छ धरून उभी राहावंस, हे मला पटत नाही. पुढच्या वेळी हसून सांग की स्वागत कोषाध्यक्ष करतील, मी हिशेबाचं टेबल सांभाळते.

तर सहसचिवपदाला होकार दे, पण दोन अटी घाल. आदल्या वर्षीचा एक तरी प्रकल्प यंदाच्या कार्यक्रमात राहील, आणि शिबिराची तारीख रक्तपेढीशी बोलल्यावरच ठरेल. अध्यक्ष मान्य करतील, त्यांना मी ओळखतो. नाही म्हणाले तर मला कळव, मी त्यांच्या शेजारी बसतो. आणि पुढच्या बैठकीला दहा मिनिटं आधी ये. त्या टेबल हलवणाऱ्या गृहस्थांना दवाखान्याच्या खिडकीबद्दल विचार. बैठक सुरू व्हायच्या आत ते संपवणार नाहीत, हे गृहीत धर.

तुझा,
मागच्या रांगेतला जुना सभासद