सेंटओएस ७, रूट नाही, गिट १.८: पीकेजीएसआरसी शिकू की सरळ डॉकर?

शिका. पीकेजीएसआरसी म्हणजे सोर्समधून सॉफ्टवेअर बांधून बसवणारी पॅकेज-व्यवस्था, तिला रूट (मशीनचे पूर्ण अधिकार) लागत नाही. डॉकर सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवतं, पण त्याचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) मुळात रूटने चालतो. रूटलेसच्या, म्हणजे रूटशिवाय डॉकर चालवायच्या, वाटेला गेलात तर त्याला लागणाऱ्या युजर नेमस्पेसची (साध्या युजरला वेगळा कप्पा देणारी कर्नलची सोय) मर्यादा सेंटओएस ७ वर मुळातच शून्य ठेवलेली असते, ती वाढवायला पुन्हा रूटच लागतो. म्हणजे ज्या अ‍ॅडमिनला टाळायचं होतं, त्याच्याच दारात. निक्स या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरलाही फाइल सिस्टिमच्या मुळाशी स्वतःची डिरेक्टरी लागते, तीही रूटशिवाय बनत नाही.

माझ्या जुन्या नोकरीत क्लायंटकडच्या काही मशीन सेंटओएस ६ वर आणि काही सोलारिस १० वर होत्या. रूट मागितलं की तिकीट, तिकिटावर मंजुरी, मंजुरीवर मीटिंग. आमच्या टीम लीड सरांचं म्हणणं, "टारबॉल (सोर्सचा गठ्ठा) घे, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. त्यात काय शिकायचंय?" तसं त्यांनी ओपनएसएसएल, कर्ल, गिट सगळं हाताने बांधलं आणि सगळ्यांच्या सामाईक अकाउंटच्या बॅशआरसीत (लॉगिनला वाचली जाणारी शेलची फाइल) एलडी लायब्ररी पाथ, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमने लायब्ररी आधी कुठे शोधायची तो रस्ता, ठोकून दिला. दुसऱ्या दिवसापासून यम, म्हणजे सेंटओएसचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर, मेलं. साधं यम लिस्टसुद्धा चालेना, कारण यम वापरतं त्या सिस्टिमच्या पायकर्लला (कर्लची पायथन जोडणी) सिस्टिमचं एनएसएसवालं (ओपनएसएसएलसारखीच दुसरी एन्क्रिप्शन लायब्ररी) कर्ल हवं होतं आणि मिळत होतं सरांचं ओपनएसएसएलवालं. यावर त्यांचं उत्तर: "यम तसंही आपण वापरत नाही."

मी माझ्या अकाउंटमध्ये पीकेजीएसआरसीचं बूटस्ट्रॅप (सुरुवातीची उभारणी करणारी स्क्रिप्ट) अनप्रिव्हिलेज्ड, म्हणजे रूटशिवायचा, पर्याय देऊन चालवलं. सगळं होममधल्या एका डिरेक्टरीत. ते प्रत्येक बायनरीत लायब्ररीचा रस्ता आरपाथ म्हणून कोरून ठेवतं, त्यामुळे एलडी लायब्ररी पाथची गरजच पडत नाही आणि सिस्टिमच्या प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. त्याच्या बिल्डलिंक या भागामुळे पॅकेजला बांधताना पीकेजीएसआरसीतल्या जाहीर केलेल्याच डिपेंडन्सी दिसतात. न सांगितलेलं भलतंच काही सहसा चिकटत नाही. आणि तीच पद्धत, तोच मेकफाइलचा ढाचा सोलारिसवर. सर म्हणाले, "हे नेटबीएसडीचं खूळ इथे कशाला?" १९९७ मध्ये फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समधून (तिथली पॅकेज-व्यवस्था) ते नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी निघालं हे खरं, पण पुढे सोलारिसच्या वंशातल्या स्मार्टओएसची पॅकेजेस त्यावरच उभी राहिली. खूळ म्हणे!

तुमच्यासाठी: पीकेजीएसआरसीची करंट (रोज बदलणारी) आवृत्ती घेऊ नका, तिमाही ब्रँच घ्या. गिट हवं असेल तर डेव्हेल विभागातलं गिट-बेस बांधा. नुसतं गिट मागितलंत तर गिटके या खिडकीवाल्या प्रोग्रॅमपायी टीके आणि एक्स या ग्राफिक्सच्या लायब्रऱ्यांचा अख्खा गोतावळा मागे येईल. पॅकेज ऑडिटची फाइल (सुरक्षेची भोकं सापडलेल्या पॅकेजेसची यादी) अधूनमधून उतरवत जा, नाहीतर भोकं पडलेलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. हाताने बांधलेल्या टारबॉलचं ऑडिट कोण करतं? कुणीच नाही.

हां, काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तुमचा कंपायलर जीसीसी ४.८ आहे, सी++१७ मागणारं काही निघालं की आधी जीसीसीच बांधावा लागेल. तो रात्री लावून झोपा. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सिस्टिमचीच राहते, ती पीकेजीएसआरसी बदलत नाही. प्रीफिक्स, म्हणजे सगळं बसवायची डिरेक्टरी, आधी नीट ठरवा, नंतर ती डिरेक्टरी हलवता येत नाही, कारण तोच आरपाथ. तयार बायनरीही ठरावीक प्रीफिक्ससाठी बांधलेल्या असतात, होममध्ये त्यांचा उपयोग नाही. आणि फक्त पायथनच हवं असेल तर कोंडा (होममध्ये बसणारा पायथनचा पॅकेज मॅनेजर) टाका, एवढा खटाटोप कशाला?

पण कुणी टारबॉल आणि बॅशआरसीचा सल्ला दिला, तर त्याच टर्मिनलवर त्याला यम लिस्ट चालवून दाखवायला सांगा.