टॉर्च चाचणीत सीएमव्ही पॉझिटिव्ह आलंय, गर्भ ठेवावा की नाही?

तुमची बायको अंगणवाडी सेविका, अकरावा आठवडा. तासगावात केलेल्या टॉर्च चाचणीत (गर्भाला बाधू शकणाऱ्या काही लागणींची रक्ततपासणी) सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो विषाणूचं आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम 'किंचित पॉझिटिव्ह', आणि घरचे 'खाली करा' म्हणतायत. नुसत्या या कागदावर असलं काही ठरवू नका.

आयजीजी आणि आयजीएम ही विषाणूविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं. आयजीजी म्हणजे विषाणू कधीतरी अंगात येऊन गेलाय, एवढंच. आपल्याकडे बहुतेक बायकांचं ते पॉझिटिव्हच येतं. घोळ आयजीएमचा आहे. ते नव्या लागणीची खूण मानतात, पण ते लागणीनंतर कित्येक महिने रेंगाळतं, कधी खोटंही येतं.

म्हणून याच आठवड्यात 'आयजीजी अ‍ॅव्हिडिटी' करा. आयजीजी विषाणूला किती घट्ट चिकटतं ते त्यात कळतं, लागण जुनी होते तशी ही पकड वाढते. जवळच्या लॅबमध्ये होत नसेल तर नमुना बाहेर पाठवायला सांगा. अ‍ॅव्हिडिटी जास्त आली तर लागण तीन महिन्यांपेक्षा जुनी, म्हणजे गर्भ राहण्याआधीची. हीच चाचणी विसाव्या आठवड्यात केली तर हा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून घाई.

कमी आली तर लागण नवी असू शकते. मिरजेत किंवा पुण्यात गर्भाच्या आजारांचे तज्ज्ञ गाठा. पहिल्यांदाच झालेली लागण साधारण ३० ते ४० टक्के वेळा बाळापर्यंत जाते, तरी त्यातली बरीचशी बाळं ठणठणीत जन्मतात. लवकर कळलं तर व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध दिवसाला ८ ग्रॅम देतात, पण तज्ज्ञांच्या देखरेखीत, किडनीवर लक्ष ठेवून. गर्भजलाची तपासणी विसाव्या आठवड्यानंतर आणि लागणीला किमान सहा-आठ आठवडे झाल्यावर. विषाणू बाळाच्या लघवीतून त्या पाण्यात उतरतो, त्याआधी केली तर खोटी निगेटिव्ह येते.

शंका उरलीच तर बाळाच्या लघवीची किंवा लाळेची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी चाचणी) जन्मानंतर २१ दिवसांच्या आत करा. नंतर लागण पोटातली की बाहेरची, ते कळत नाही. लाळ दूध पाजल्यावर तासाभराने घ्यायची, कारण आईच्या दुधातही विषाणू असतो. बाळाला लक्षणं असतील तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर किलोमागे १६ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहा महिने. त्याने पांढऱ्या पेशी घटतात, सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. लागण ठरली तर कान एकदा तपासून थांबू नका, ऐकणं पुढेही कमी होऊ शकतं.

नोकरी सोडायची गरज नाही. लहान पोरांच्या लाळेतून, लघवीतून हा विषाणू महिनोन्‌महिने बाहेर पडतो, आणि जुनी लागण असली तरी याच विषाणूच्या दुसऱ्या प्रकाराची लागण होऊ शकते. नाक पुसलं, लंगोट बदलला की साबणाने २० सेकंद हात धुवायचे. पोरांच्या ताटातली उरलेली खिचडी खायची नाही, आणि पापा घ्यायचाच तर कपाळाचा.