जनसंपर्काच्या नोकरीत रुजू होताना

प्रिय तरुण मित्रा,

अनेक आशीर्वाद.

केळीची टिश्यू कल्चर रोपे तयार करणाऱ्या जळगावच्या कंपनीत तू जनसंपर्क विभागात रुजू होतो आहेस, हे कळून फार आनंद झाला. सुरुवातीला उद्घाटने, सत्कार आणि वर्धापनदिन यांच्या बातम्या छापून आणणे हेच काम तुझ्याकडे येईल. ते मनापासून कर, पण त्यालाच जनसंपर्क समजू नकोस.

तुझी खरी कसोटी लागेल ती रावेर-यावलच्या शिवारातून नव्या लागवडीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग आल्याच्या तक्रारी येऊ लागतील तेव्हा. पानांवर पिवळे पट्टे उमटून पोंगा, म्हणजे झाडाच्या मधली कोवळी गुंडाळलेली पाने, सडू लागला की उभी झाडे उपटून टाकावी लागतात. अशा वेळी शेतकऱ्याचा पहिला संशय रोपांवर जातो, कंपनीतले लोक हवामानाकडे बोट दाखवतात आणि वर्तमानपत्राच्या तालुका प्रतिनिधीला संध्याकाळच्या आत बातमी द्यायची असते. हा विषाणू रोगट रोपांतून येऊ शकतो, तसाच काकडीवर्गीय पिकांवरून मावा किडीमार्फतही पसरतो. म्हणून तपासणी अहवाल हाती येण्यापूर्वी ‘आमची रोपे निर्दोष आहेत’ असे वाक्य तुझ्या प्रसिद्धीपत्रकात येऊ देऊ नकोस, वरिष्ठांनी कितीही आग्रह धरला तरी. कोणत्या गावांतून तक्रारी आल्या, नमुने कधी घेतले आणि अहवाल केव्हा अपेक्षित आहे, एवढेच लिही. त्या तारखेला बातमीदाराला आपण होऊन फोन कर, मग अहवाल कंपनीच्या विरोधात गेलेला असला तरीही.

या व्यवसायाचा पायाच अशा वाईट दिवशी घातला गेला. १९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा जनसंपर्क सल्लागार आयव्ही ली यांनी रेल्वे कंपनीला माहिती दडवू न देता तिच्याच वतीने निवेदन काढले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. ते निवेदन आजही पहिले प्रसिद्धीपत्रक मानले जाते.

लिहिण्याबद्दल एवढेच सांगतो, की ‘मान्यवरांच्या शुभहस्ते भव्य सोहळा संपन्न’ अशी सुरुवात उपसंपादक पहिल्याच फटक्यात कापतो. काय झाले, कुठे, कधी आणि शेतकऱ्याचा त्यात काय संबंध, हे पहिल्या दोन वाक्यांत आले, तर पान लावण्याच्या घाईतही तुझा मजकूर टिकतो.

मात्र केवळ कार्यालयात बसून हे साधणार नाही. यावल-रावेरच्या बाजूला लेवा गणबोली कानी पडेल, अमळनेर-पारोळ्याकडे अहिराणी. दोन्ही निदान समजण्याइतक्या शीक, कारण शेतकरी आपली खरी तक्रार घरच्या बोलीत सांगतो आणि ती जशीच्या तशी व्यवस्थापनापर्यंत नेणे हे तुझ्या कामाचे अर्धे अंग आहे. कंपनीचे म्हणणे बाहेर पोहोचवण्याच्या दुसऱ्या अंगाला सगळे महत्त्व देतात, याला मात्र फार कमी लोक वेळ देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक. पत्रकार परिषदेनंतर बातमीदारांना पैशांची पाकिटे वाटण्याचे काम तुझ्यावर आले, तर पहिल्याच वेळी नम्रपणे नकार दे, कारण एकदा दिलेले पाकीट पुढच्या प्रत्येक वेळी मागितले जाते आणि प्रामाणिक बातमीदार तुझ्यापासून दूर जातो.

तुझे पहिले प्रसिद्धीपत्रक मसुदा असतानाच मला पाठव. काय कापावे ते खुणा करून कळवीन.

तुझा शुभचिंतक